राहेलबाईंचा दगड

मुख्याधिकाऱ्यांनी चष्मा पुसला, कात्रणाची घडी उलगडली आणि माझाच लेख मला वाचून दाखवायला सुरुवात केली.

"‘एका बाईच्या दोन कबरी.’ लेखक, डॉ. हनोख उजागरे. आपणच ना?"

"मीच," मी म्हणालो. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. भानसगावच्या नगरपालिकेत कोणी माझा लेख फाइलला लावून ठेवला असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ते वाचू लागले. आवाज खणखणीत होता. "‘उत्पत्तीचं पुस्तक सांगतं की याकोबाची लाडकी बायको राहेल बेथलेहेमच्या वाटेवर बाळंतपणात गेली आणि तिला रस्त्याच्या कडेलाच पुरलं. शमुवेलाचं पुस्तक तिची कबर बन्यामिनाच्या हद्दीत दाखवतं, म्हणजे पार दुसऱ्या तालुक्यात. एका बाईच्या दोन कबरी कशा? सोपं आहे. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना ती आपापल्या मतदारसंघात हवी होती. कबर मेलेल्या माणसाची नसते, जिवंतांच्या राजकारणाची असते, आणि गरजेप्रमाणे ती हलते. राहेलीने त्याबद्दल तक्रार केल्याची नोंद नाही.’"

सभागृहात हशा पिकला. मधल्या खुर्चीत बसलेले नगराध्यक्ष जालिंदर फटांगरे मांडीवर थाप मारून सगळ्यांत मोठ्याने हसले. मीही हसलो. माझ्या शेजारी बसलेले पाळकसाहेब, रेव्हरंड यशवंत रणनवरे, तेवढे हसले नाहीत. ते गुडघ्यावरच्या छत्रीची मूठ चोळत होते.

"आता या हरकतीकडे येऊ," मुख्याधिकारी म्हणाले. "रस्तारुंदीत ख्रिस्ती कबरस्तानाची अठरा फुटांची पट्टी जाते. तिच्यात अकरा कबरी आहेत. त्या सन्मानाने मागच्या बाजूला हलवाव्यात असा आमचा प्रस्ताव आहे. रेव्हरंड म्हणतात, हलवू नका. आणि त्यांच्याच समाजाचे विद्वान म्हणतात, कबर हलते. राहेलीचीसुद्धा हलली. या पट्टीत नाव कोरलेला दगड एकच आहे, आणि योगायोग पाहा, तेही नाव राहेलच."

आता मला घाम फुटला.

"साहेब, ते मी बायबलमधल्या राहेलीबद्दल लिहिलं होतं," मी उठलो. "तीन हजार वर्षांपूर्वीचं प्रकरण आहे ते."

"म्हंजी नियम जुना हाय," फटांगरे म्हणाले, आणि परत हशा.

मुख्याधिकारी वाईट माणूस नव्हते. त्यांनी कात्रण नीट घडी करून ठेवलं आणि म्हणाले, "ज्या कबरीला वारस आहे, तिचा विचार सभा करू शकेल. बेवारस कबरींसाठी मला रस्ता अडवता येणार नाही. गुरुवारी सर्वसाधारण सभा आहे. दफनाची नोंदवही घेऊन या."

व्हरांड्यात मार्थामावशी माझी वाटच बघत होती. पाळकसाहेबांच्या वारलेल्या बायकोची, राहेलबाईंची ही धाकटी बहीण, वय पासष्ट, आवाज पंचविशीतला.

"आरं ए डाक्टर! माझ्या बहिणीनं आठ वर्सं तुला भाकरी घातली. बोर्डिंगात खरूज झाली तवा हातानं गंधक चोळलं. आन् तू तिच्यावर बुलडोझर घालतो व्हय रं?"

"मावशी, ती राहेल वेगळी. याकोबाची बायको."

"राहेल म्हंजी राहेल! गावात दुसरी हाय का?"

आवाजाने नगरपालिकेचे कारकून दारात आले. मावशीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि आवाजाची पट्टी आणखी वर नेली. तुझ्या शाळेला आग लाव, तुझ्या डाक्टरकीला आग लाव, असं करत ती माझ्या विलायतेच्या बोटीपर्यंत पोहोचली. मी विमानाने गेलो होतो, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

पाळकसाहेबांनी छत्री उघडली. "लेख चांगला होता, हनोख," ते म्हणाले. "मी दोनदा वाचला." आणि ते चालायला लागले. मावशीच्या सगळ्या शिव्यांपेक्षा ते एक वाक्य मला जास्त लागलं.

ही पंचाण्णव सालची गोष्ट. तेव्हा मी पुण्यात धर्मशास्त्राच्या कॉलेजात जुना करार शिकवत होतो आणि एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत ‘जुन्या कराराची नवी भानगड’ हे सदर लिहीत होतो. त्यात दावीद हा पक्षांतर करणारा पहिला पुढारी होता: शौलाशी बिनसल्यावर थेट शत्रूच्या गोटात जाऊन राहिला आणि योग्य वेळी परत येऊन गादीवर बसला. योना हा बदलीच्या गावी रुजू व्हायला नकार देणारा अधिकारी, ज्याला शेवटी माशाने हजर केलं. शमशोन म्हणजे हिंदी सिनेमाचा हीरो, केस भरपूर, डोक्यात काही नाही, पण शेवटच्या रिळात सगळा सेट पाडतो. पाळकमंडळी चिडून पत्रं पाठवायची आणि संपादक ती वाचून मला चहा पाजायचे. आपण देवाच्या घरातली जळमटं काढतोय असा माझा समज होता. माझ्या लेखाने झाडाचं एक पान तरी हलेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

राहेलबाई बोर्डिंगचं स्वयंपाकघर सांभाळायच्या. सव्वाशे पोरांच्या भाकरी आणि त्यावर दर नाताळचं नाटक. पहिली तीन वर्षं त्यांनी मला मेंढरू केलं. चौथ्या वर्षी म्हणाल्या, "तुझं तोंड फार चालतं, तू तो लेकरं मारणारा हेरोद राजा हो." माझ्या विद्वत्तेची सुरुवात तिथून झाली असं मी मानतो. बाई गेल्या तेव्हा मी स्कॉटलंडमध्ये प्रबंध लिहीत होतो. परत आल्यावर एकटाच कबरस्तानात गेलो. रस्त्याकडेच्या रांगेत, दहा बिननावाच्या छोट्या ओट्यांच्या उशाशी, नवा काळा दगड होता: ‘राहेल यशवंत रणनवरे. मुलांसह.’ बाईंना मूल नव्हतं. बोर्डिंगची पोरं म्हणायचं असेल, असं धरून मी त्या दगडाला मिठी मारून रडलो होतो. पाळकसाहेब फाटकापाशी उभे होते.

आणि आता तोच दगड माझ्या लेखाच्या आधारावर उपटला जाणार होता.

दुसऱ्या दिवशी फटांगऱ्यांचं बोलावणं आलं. भेट नगरपालिकेत नव्हती. कबरस्तानासमोरच्या ‘हॉटेल सत्कार’मध्ये होती. हॉटेल त्यांच्या मेव्हण्याचं.

"या डॉक्टर. मिसळ सांगू का?" त्यांनी टेबलावर नकाशा पसरला. मला नकाशातलं फार कळत नाही, पण एवढं कळलं: रस्ता एसटी स्टँडपासून सरळ येत होता, ‘सत्कार’समोर आल्यावर अंग चोरून कबरस्तानात शिरत होता आणि हॉटेल संपलं की पुन्हा शहाण्यासारखा सरळ होत होता.

"भाऊ, रस्ता इथेच का वळतो?"

"तिथं मेव्हण्याचं स्वैपाकघर हाय. लोकं जेवत्यात तिथं." त्यांनी खिडकीतून पलीकडे बोट दाखवलं. "तुमची लोकं काय जेवत न्हाईत."

मला हसू आलं. माझ्या सदरात हे वाक्य मी आनंदाने वापरलं असतं.

"हे बघा," ते पुढे झुकले. "चार महिन्यांनी निवडणूक. भाषणं तीच तीच झाल्यात, लोकं जांभया देत्यात. तुमची लेखणी भारी. त्या दाविदाचं तर मी पाठ केलंय."

"दावीद पक्ष बदलतो, भाऊ."

"म्हनून तर आवडलं. तर पाच-सहा भाषणं लिहून द्या. राहेलबाईंचा दगड मी राखतो. तिथं मधी सर्कल करू, झाडं लावू, लाइट लावू. वारस हाय, मुख्याधिकारी नाय म्हणायचे न्हाईत. बाकी दहा काय, कोन रडायला हाय त्यांना?"

लाज वाटते, पण सांगतो. मला तो सौदा वाईट वाटला नाही. बाईंचा दगड वाचत होता, माझं तोंड वाचत होतं, आणि भाषणं लिहिणं मला अवघड नव्हतं. मिसळ संपवली आणि तडक पाळकसाहेबांच्या घरी गेलो.

भर दुपारी ते पुढच्या खोलीत सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत बसले होते. बाई गेल्यापासून स्वयंपाक तेच करायचे. मी सगळं सांगितलं.

"नको," ते म्हणाले.

"पाळकसाहेब, अहो, बाईंची कबर वाचतेय."

"ती वाचलेलीच आहे." त्यांनी एक खडा खिडकीतून बाहेर टाकला. "कपाटात खालच्या फळीवर नोंदवही आहे. राहेलची नोंद काढ."

नोंदवही जुनी होती, पुठ्ठ्याला खळीचा वास येत होता. सत्त्याऐंशी सालच्या पानावर पाळकसाहेबांच्याच अक्षरात नोंद होती: ‘राहेल यशवंत रणनवरे, वय ६४. रांग सातवी, कडुनिंबाखाली.’

मी ती तीनदा वाचली. सातवी रांग कबरस्तानाच्या पार मागच्या टोकाला. रस्त्याशी तिचा काही संबंध नव्हता.

"म्हणजे बाई त्या दगडाखाली नाहीत?"

"नाहीत."

"मी तिथे तासभर रडलो होतो!"

"पाहिलं मी. अडवलं नाही. रडणं वाया जात नाही."

"मग तो दगड?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "पहिलं पान काढ. एकोणीसशेचं."

पहिलं पान एका मिशनरी बाईच्या वळणदार मराठीत होतं. मोठ्या दुष्काळात मिशनने भानसगावात अनाथालय काढलं होतं, हे आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलो होतो. बोर्डिंग त्यातूनच वाढलं. त्या पानावर एकाच आठवड्यातल्या दहा नोंदी होत्या, सगळी पटकीने गेलेली पोरं.

‘मुलगा, अंदाजे सहा वर्षे. नाव सांगता आले नाही.’

‘मुलगी, अंदाजे सात. नाव सांगता आले नाही.’

‘मुलगा, अंदाजे तीन. बोलत नसे.’

असं खालपर्यंत. शेवटची नोंद: ‘मुलगी, अंदाजे चार. नाव सांगता आले नाही. हातात एक हिरवी बांगडी, ती तशीच ठेवली.’

मी आयुष्यभर जुनी पुस्तकं वाचत आलो. वंशावळी, गणत्या, राजांच्या याद्या, कोणापासून कोण झाला याची लांबच लांब पानं. एवढं लहान पान वाचायला मला कधी इतका वेळ लागला नव्हता.

"या गावात रस्ता एकदा ना एकदा रुंद होणारच, हे राहेलला कळत होतं," पाळकसाहेब म्हणाले. "नुसत्या ओट्यांना कोण विचारतं? शेवटच्या आजारात तिनं मला सांगितलं, मला कुठंही पुरा, पण माझा दगड या पोरांच्या उशाशी लावा. नवऱ्याचं नाव असलेल्या बाईचा दगड लवकर कोणी हलवत नाही. तू शिकवतोस ना, राहेलीनं बापाच्या घरातले देव चोरले, त्यांच्यावर बसून राहिली आणि बाप शोधायला आला तेव्हा म्हणाली, मला उठता येत नाही? आमची म्हणाली, मीही तशीच बसून राहीन. कोणी आलं तरी उठणार नाही."

माझ्या सदरात त्या प्रसंगावर मी विनोद केला होता. बाईंनी तो वाचलेला नव्हता, तरी त्यांचा विनोद माझ्यापेक्षा चांगला होता.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"मातीला सगळी मंडळी होती. सगळ्यांनाच माहीत आहे."

"मार्थामावशीला?"

"तिला तर आधी."

व्हरांड्यातला तमाशा मला आठवला. कारकुनांकडे बघून चढवलेला आवाज आठवला. "मग मला एवढ्या वर्षांत कोणीच कसं सांगितलं नाही?"

पाळकसाहेब पहिल्यांदाच अवघडले. "मार्था म्हणाली, त्याला सांगू नका. तो रविवारी छापील."

मी खरंच छापलं असतं.

"नोंदवही नेऊ नका," मी म्हणालो. "हरवली म्हणून सांगू."

"मी दगड लावला. त्याखाली ती आहे असं कधी कोणाला सांगितलं नाही. अर्जातही ‘पत्नीचा दगड’ असंच लिहिलंय, बघ. पण वही मागितलीय, तर वही न्यायची. खोटं बोलायला मला जमणार नाही, हनोख. या वयात नवीन काही शिकणं होत नाही."

गुरुवारी सभागृह भरलं होतं. नगरसेवक पुढे, मागच्या बाकांवर आमची मंडळी, त्यात बायका तीसेक. मार्थामावशी पहिल्या बाकावर ठेवणीतलं लुगडं नेसून. मी दहा पानांचं टिपण करून आणलं होतं. मुद्दा बिनतोड होता: बायबल लिहून काढणाऱ्या शास्त्र्यांना एक कबर खोडणं सहज शक्य होतं, पण अडीच हजार वर्षांत कोणीही खोडली नाही, दोन्ही राहू दिल्या. तेव्हा नगरपालिकेनेही राहेलबाईंची सातव्या रांगेतली कबर आणि रस्त्याकडेचा दगड, दोन्ही राहू द्यावेत. रात्रभर घासूनपुसून लिहिलं होतं.

पाळकसाहेबांनी वही दिली. मुख्याधिकाऱ्यांनी ती चाळली, एका पानावर थांबले, पुन्हा पट्टीचा नकाशा पाहिला.

"रेव्हरंड, आपल्या पत्नीची कबर सातव्या रांगेत आहे?"

"हो."

"म्हणजे पट्टीत नाही."

"नाही."

सभागृहात कुजबुज झाली. फटांगरे माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होते. ‘बघा, सर्कल घेतलं असतं तर बरं झालं असतं,’ असा तो चेहरा होता.

मी उठलो आणि टिपण वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर मुख्याधिकाऱ्यांनी हात वर केला. "डॉक्टर, आपण फार छान लिहिता. पण हे चर्च नाही आणि कॉलेजही नाही. मला एकच सांगा. या दहा कबरींना वारस आहे का? नसेल तर विषय मंजुरीला टाकतो."

माझ्या हातात आठ पानं उरली होती. त्यात ‘वारस’ हा शब्दच नव्हता.

तेव्हा मला माझी आजी आठवली, का ते सांगता येत नाही. ती त्याच अनाथालयात वाढली होती. नऊ वर्षांची असताना कोणीतरी तिला मिशनच्या दारात आणून सोडलं होतं. त्या दिवसांबद्दल ती मेली तरी बोलली नाही. मात्र जेवायला बसली की भाकरीचे आधी दोन सारखे तुकडे करायची, एक बाजूला ठेवायची, आणि मग शेवटी तोही स्वतःच खायची. आम्ही पोरं तिला त्यावरून चिडवायचो.

"आहे," मी म्हणालो.

"कोण?"

"मी. दुसरी कबर. मुलगी, अंदाजे सात वर्षं. माझ्या आजीची धाकटी बहीण."

मुख्याधिकाऱ्यांनी वहीत पाहिलं. "इथे नाव नाही. पुरावा काय?"

ज्याने आयुष्यभर देवाकडे पुरावा मागितला, त्यालाच आज एक कारकुनी माणूस पुरावा मागत होता. "पुरावा नाही," मी म्हणालो. "पण ‘नाव सांगता आले नाही’ असं लिहिलंय. ‘कोणी नाही’ असं कुठे लिहिलेलं नाही."

मागे बाक करकरला. "पैली माझी," मार्थामावशीचा आवाज आला. "सा वर्साचा. माझ्या बापाचा थोरला भाऊ. पुरावा माझ्या तोंडात हाय, बघायचाय का?"

"तिसरा आमचा," शिंप्याचं दुकान चालवणारी रूथ वाघचौरे उठली. "तीन वर्षांचा, बोलत नव्हता तो. आमच्यात सगळेच उशिरा बोलतात."

मग एकेक उठायला लागलं. त्यात दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारे, दुसऱ्याच्या खोटेपणावर समिती नेमणारे आमच्या चर्चचे कारभारी, डीकन घाटविसावेही होते. त्यांनी घसा खाकरून ‘आत्या’ एवढाच शब्द उच्चारला आणि घाम पुसत खाली बसले. खोटी साक्ष देऊ नको, ही आमची नववी आज्ञा. ती भानसगावात त्या दिवशी दहा मिनिटांत नऊ वेळा मोडली. किंवा एकदाही मोडली नसेल. आमच्यातल्या निम्म्यांचे आजी-आजोबा त्याच दारातून आत आले होते, आणि कोणाबरोबर आले होते ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पाळकसाहेब डोळे मिटून बसले होते. प्रार्थना करत असावेत असं मला वाटलं. नंतर म्हणाले, मोजत होतो.

नऊ झाल्या. दहावीला कोणी उठेना. आलेल्या नऊच्या नऊ घराण्यांनी एकेक कबर घेतली होती.

"दहावी?" मुख्याधिकारी म्हणाले. ते आता वहीकडे बघत नव्हते, आमच्याकडे बघत होते. "एक जरी बेवारस राहिली तरी रस्ता निदान तेवढा आत घेता येईल. दहावी टोकाला आहे, अगदी हॉटेलसमोर."

"माझी," कोणीतरी म्हणालं.

सगळे मागे वळून बघायला लागले. आवाज पुढून आला होता. जालिंदर फटांगरे मधल्या खुर्चीतून उठले होते.

पहिला मी हसलो, मग सगळं सभागृह हसलं. वाऱ्याची दिशा बघून माणूस किती लवकर वळतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला दाविदातही सापडलं नव्हतं. तीस बायका, प्रत्येकीच्या घरात चार-पाच मतं, आणि निवडणूक चार महिन्यांवर. मेव्हणा प्रेक्षकांत बसला होता, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"हसा," फटांगरे म्हणाले. ते स्वतः हसत नव्हते. "आमच्या आजीनं दुष्काळात एक लेकरू मिशनच्या दारात ठेवलं होतं. घरात बोलत न्हाईत त्यावर." मग एकदम त्यांचा नेहमीचा, माइकवरचा आवाज परत आला. "तर विषय असा, की पट्टीत बेवारस कोनीच न्हाई. रस्ता समोरच्या बाजूनं घ्या. मंजूर? मंजूर."

‘हॉटेल सत्कार’चं स्वयंपाकघर अठरा फूट मागे गेलं. मेव्हणा वर्षभर बोलत नव्हता म्हणतात. मार्थामावशीने त्या रविवारी मला जेवायला बोलावलं आणि पानात दोन जास्त कानवले वाढले, पण ‘चुकलं’ काही म्हणाली नाही. मीही म्हणालो नाही. मी सदर बंद केलं, असंही कोणी समजू नये. त्यापुढे चार वर्षं लिहीत होतो. फक्त कबरींवर लिहिलं नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी कबरींना चुना लावायची आमच्याकडे रीत आहे. त्या वर्षीपासून पुढच्या रांगेतल्या दहा ओट्यांना चुना लावणारी माणसं मिळाली. मी दरवर्षी पुण्याहून जातो आणि दुसऱ्या ओट्याला दोन हात देतो. दहाव्या ओट्यापाशी फटांगरे यायचे. बरोबर फोटोग्राफर, दोन नगरसेवक आणि नवा कोरा ब्रश. एक फटकारा मारला की फोटो, आणि सोमवारच्या पेपरात ‘नगराध्यक्षांची सर्वधर्मसमभावाची भावना’. मावशी लांबून बघून म्हणायची, "हेरोद आला बघ." दोन निवडणुका ते त्या फोटोंवर जिंकले असतील. तिसरी हरले आणि अशी हरले की पक्षाने पुन्हा नाव काढलं नाही. त्यांना अर्धांगाचा झटकाही येऊन गेला.

पुढच्या ईस्टरला मी दुपारी कबरस्तानात पोहोचलो तेव्हा रांगेच्या टोकाला एक माणूस वाकून चुना लावत होता. सदरा चुन्याने भरला होता, ब्रश डाव्या हातात, उजवा हात लुळा. फोटोग्राफर नव्हता. कोणीच नव्हतं. ओट्याच्या चारी बाजू झाल्या होत्या आणि ते पुन्हा पहिल्या बाजूला आले होते.

"भाऊ, द्या इकडे, मी करतो."

"राहू द्या डॉक्टर." त्यांचं बोलणं जरा जड झालं होतं. थोडा वेळ आम्ही आपापल्या ओट्यांवर चुना लावत राहिलो. मग त्यांनी विचारलं, "ती वही तुमी वाचली व्हती ना? नीट?"

"वाचली होती."

"मला त्या दिवशी बघायचं धाडस झालं न्हाई. मुख्याधिकाऱ्याच्या हातात व्हती, मागितली असती तर दिली असती." ते ब्रशकडे बघत होते. "आजी मरताना पन सांगून गेली न्हाई. काय लिहिलंय वो आमचं? मुलगा का मुलगी?"

"मुलगी," मी म्हणालो. "चार वर्षांची. हातात एक हिरवी बांगडी होती. ती तशीच ठेवली, असं लिहिलंय."

ते हळूच खाली बसले, ओट्याला पाठ न टेकवता, चुना ओला होता म्हणून. समोरच्या रस्त्यावरून एसटी गेली.

"कुठल्या हातात?" त्यांनी विचारलं.

मी वहीचं ते पान डोळ्यांसमोर आणलं. प्रत्येक ओळ मला पाठ होती.

"ते लिहिलेलं नाही, भाऊ," मी म्हणालो.